ऐकणाऱ्याची चाहूल

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक दगडी कट्टा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या पुष्कळ बोळांना असा कट्टा असतो आणि त्यावर कोणी केव्हा बसायचे हेही कोणी न सांगता ठरलेले असते. सकाळी वर्तमानपत्र घेऊन येणारे निवृत्त लोक, दुपारी तीन ते पाच बायका, आणि रात्री जेवणे झाल्यावर तालमीतली पोरे. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी, बायकांच्या वेळेला, काकूंच्या डोक्यावरून एकदम आवाज आला, "काकू, ती कचऱ्याची पिशवी आमच्या दारात ठेवू नका हो." सगळ्यांनी वर पाहिले. वर कोणी नव्हते. कट्ट्यालगतच्या घराचे मालक नोकरीनिमित्त पुण्याला असतात. त्यांनी सात-आठ महिन्यांपूर्वी दाराच्या चौकटीवर लिंबाएवढा पांढरा कॅमेरा बसवून घेतला होता. तो बघतो हे बोळातल्या लहान मुलांनाही ठाऊक होते. तो बोलतो हे त्या दुपारी कळले, आणि बोलतो त्या अर्थी ऐकतही असणार, हे उमगायला कट्ट्यावरच्या बायकांना अर्धे मिनिटही लागले नाही.

मालक भले गृहस्थ आहेत. बंद घराची काळजी वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यांच्याविषयी तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पुढच्या आठ दिवसांत कट्ट्यावर जे घडले ते मात्र मला लिहून ठेवायचे आहे. बायका तिथेच आणि त्याच वेळेला बसत होत्या, परंतु बोलणे बदलले. सुनेचे माहेरपण, भिशीचे अडलेले पैसे, कोणाच्या तरी दवाखान्याचा अहवाल हे सारे विषय नाहीसे झाले. भाजीचे भाव आणि ऊन तेवढे उरले. काकूंनी मला एकदा हाक मारून विचारले, "तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोस ना रे, मग सांग, हे कधीपासनं ऐकत असणार?" त्यांची खरी अस्वस्थता पुढे बोलण्याची नव्हती. गेल्या सात-आठ महिन्यांत आपण तिथे काय काय बोललो, हे त्या मनातल्या मनात मोजत होत्या. त्या हिशेबाला शेवट नव्हता, कारण ऐकणारा नेमका कोणत्या दिवशी कान लावून होता हे सांगू शकणारी एकही खूण त्यांच्यापाशी नव्हती.

इंग्रजीतल्या 'प्रायव्हसी'ला आपण बहुतेक वेळा 'गोपनीयता' म्हणतो. हा शब्द मला त्या दिवसापासून खटकू लागला आहे. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगे. पोलीस ठाण्यात माहिती काढणाऱ्या माणसालाही लोक 'गोपनीयचा माणूस' म्हणतात. म्हणजे पाळत ठेवणारा आणि जिच्यावर पाळत ठेवली जाते ती गोष्ट, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात जातात, आणि "लपवण्यासारखे काही नसेल तर भिता कशाला?" हा प्रश्न त्या शब्दातूनच उगवतो. काकू गुप्त असे काही बोलत नव्हत्या. त्या खासगी बोलत होत्या. संस्थानी काळापासून कोल्हापूरला 'खासगी' हा शब्द चांगला परिचयाचा आहे. दौलतीचा कारभार वेगळा आणि दरबाराची खासगी वेगळी. खासगीकडे लपवाछपवी नसे, तिचा उंबरठा तेवढा निराळा असे. म्हणून मी यापुढे 'खासगीपणा' असाच शब्द वापरणार आहे.

आमचा वाडा जुना आहे. सोपा, चौक, माजघर, परसू असा सरळ रेषेत आहे आणि त्यात कोणाचे काही कोणाला ऐकू येत नाही असे कधी झाले नाही. तरीही आजीच्या काळातल्या बायका त्या माजघरात मोकळेपणाने बोलत, याचे कारण मी बरेच दिवस शोधत होतो. ते अगदी साधे निघाले. आजोबा माजघराकडे येताना चौकातच खाकरत. शेजारी यायचे तर आधी दिंडी दरवाजाची कडी वाजे. पायांत जोडवी असत, हातांत बांगड्या असत, लाकडी जिना करकरत असे. ऐकू शकणारे प्रत्येक माणूस स्वतःही ऐकू येत होते. मराठीत त्याला 'चाहूल' असा सुरेख शब्द आहे. माणूस दिसण्याआधी त्याच्या असण्याचा जो आवाज पोहोचतो तो चाहूल. वाड्यातला खासगीपणा जाड भिंतींवर नव्हता, चाहुलीवर उभा होता. पांढऱ्या कॅमेऱ्याजवळ डोळा होता, कान होता, वेळ पडली तर तोंडही होते. चाहूल नव्हती.

दिवाळीनंतरच्या तीन दिवसांत मी वाड्यात जे ध्वनिशिल्प मांडले त्याचा सगळा विचार एवढाच होता: ज्या ज्या ठिकाणी कान आहे त्या त्या ठिकाणी त्या कानाचा आवाज ऐकू आला पाहिजे. चित्रकलेत मुरलेला एक मित्र आणि माझे दोन जुने विद्यार्थी मदतीला होते. प्रदर्शन म्हणण्याइतके ते मोठे नव्हते, त्यात तीन जागा होत्या: नळी, सोपा आणि कट्टा.

नळीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत स्वस्त होती आणि तिनेच मला सर्वांत जास्त शिकवले. जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंताचा गोल तुरुंगाचा आराखडा १७९१ साली प्रसिद्ध झाला. मध्यभागी निरीक्षकाचा मनोरा, भोवती कोठड्या, आणि निरीक्षक केव्हा बघतो हे कैद्याला कधीच कळू नये अशी रचना. पाळतीविषयी बोलताना हा मनोरा नेहमी आठवला जातो, पण त्या आराखड्यात नळ्याही होत्या हे फारसे सांगितले जात नाही. प्रत्येक कोठडीपासून निरीक्षकाच्या खोलीपर्यंत पत्र्याची एक बारीक नळी न्यावी, म्हणजे आवाज न चढवता बोलणे होईल आणि कोठडीतली कुजबुजही कानी येईल, अशी त्यांची कल्पना होती. पुढे फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी या आराखड्याचा अभ्यास करताना नोंदवले आहे की आराखड्याला जोडलेल्या नंतरच्या पुरवणीत बेंथॅम यांनी नळीतून ऐकण्याची कल्पना सोडून दिली. फूको यांचा तर्क असा की नळी एकतर्फी करता येत नाही. निरीक्षकाला कैदी ऐकू आला तर कैद्यालाही निरीक्षक ऐकू येणार. प्रकाशाचे तसे नसते. अंधारात उभे राहून उजेडातल्या माणसाकडे निवांत बघता येते.

हे वाचल्यावर मी लक्ष्मीपुरीतून दोन इंची पीव्हीसीची नळी आणली, सोप्यापासून चौकाच्या कडेने माजघरापर्यंत सुमारे चाळीस फूट नेली आणि दोन्ही टोकांना रॉकेलची जुनी नरसाळी बसवली. माजघराच्या टोकाशी मी एक पाट आणि शेंगांची टोपली ठेवली. तिथे बसून शेंगा सोलायच्या आणि हवे ते बोलायचे. सोप्याच्या टोकाशी पाटी लावली, 'इथे फक्त ऐका.' नळीत वीज नव्हती, यंत्र नव्हते. सोप्यात कान लावणारी माणसे सुरुवातीला खूश होत, कारण शेंग फुटल्याचा आवाजही स्पष्ट येत असे. मग माजघरातून कोणीतरी विचारी, "कोण आहे तिकडं?" ऐकणाऱ्याचा श्वास, कपड्यांची सळसळ, बांगडीचा नरसाळ्याला लागलेला किणकिणाट हे सर्व पलीकडे पोहोचलेले असे. पकडले गेल्यावर माणसे ज्या रीतीने ओशाळून मागे सरत ते पाहताना मला वाटले की कानोसा घेण्याची लाज आपल्यात अजून शाबूत आहे. ती जागी होण्यासाठी फक्त समोरच्याला आपण ऐकू यावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी तर पाटी वाचलीच नाही. पहिल्या मिनिटात दोन्ही टोकांना तोंडे लावून त्यांनी नळीचा टेलिफोन केला आणि तिचा योग्य उपयोग तोच होता.

ऐकण्याची भीती नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मसलतीची जागा कशी असावी हे सांगताना, पक्ष्यांनाही दिसू नये इतकी ती बंदिस्त असावी, असे म्हटले आहे, आणि पोपट, मैना व कुत्र्यांसारख्या प्राण्यांमुळे मसलत फुटल्याचे ऐकिवात आहे, असे कारणही दिले आहे. 'भिंतीला कान असतात' ही आपली म्हण तर अथानासियस किर्चर या जेझुईट, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघातल्या, पंडिताने १६५० सालच्या ग्रंथात चित्र काढूनच दाखवली: चौकातले बोलणे गोळा करणारा, शंखासारखा पिळदार, भिंतीच्या आत दडवलेला कर्णा, आणि आतल्या दालनात त्याच्या टोकाशी बोलणारा पुतळा. पण पोपट बोलून दाखवतो आणि पुतळाही बोलतो. जुन्या कानांना तोंड होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तोंड नसलेल्या कानाचे सर्वांत बोलके उदाहरण एका वाद्यकाराने घडवले आहे. लेव्ह थेरेमिन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास हात न लावता वाजणारे वाद्य तयार केले. त्याच्या दोन अँटेनांभोवती हात हलवला की हाताच्या जवळ-दूर असण्याने सूर आणि आवाजाची पातळी बदलते. शरीराच्या नुसत्या असण्यातून सूर निघतो असे ते वाद्य आहे, आणि आज ज्याला परस्परसंवादी ध्वनिकला म्हणतात तिचे बीज मी तरी त्यातच पाहतो. याच माणसाने नंतर सोव्हिएत सरकारसाठी एक ऐकण्याचे उपकरण बनवले. लाकडात कोरलेल्या अमेरिकेच्या राजमुद्रेत ते दडवले होते आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांच्या हस्ते ती मुद्रा मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना भेट देण्यात आली. त्यात बॅटरी नव्हती, वीजजोडणी नव्हती. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की आतला पातळ पडदा खोलीतल्या बोलण्याने थरथरे आणि परतणाऱ्या लहरीवर ते बोलणे उमटे. झोत बंद असताना तो केवळ एक लाकडी शोभेचा तुकडा असे. १९५२ पर्यंत, म्हणजे सात वर्षे, तो राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर होता. हात हलवला तरी गाणारे वाद्य आणि सात वर्षे एक चकार शब्द न काढणारा कान या दोन वस्तू एकाच माणसाने केल्या, याचा विचार मी अनेक रात्री केला आहे.

सोप्यातली मांडणी त्या विचारातून आली. आढ्याला एकच मायक्रोफोन उघडपणे टांगला होता, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, आणि मध्ये रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा संगणक. तुम्ही मायक्रोफोनजवळ जाल तसा त्याचा एक खर्जाचा सूर वाढत जाई आणि दूर व्हाल तसा विरत जाई. कान जागा आहे, एवढेच तो सूर सांगत असे. तुम्ही जे बोलाल ते वीस सेकंदांनी एका कोपऱ्यातून परत येई, मग दुसऱ्या कोपऱ्यातून थोडे बोथट होऊन, आणि चौथ्या कोपऱ्यापर्यंत शब्द विरघळून नुसता हेल उरे. यंत्राची स्मृती रहाटगाडग्यासारखी होती: पोहरे ठरलेले, भरलेला पोहरा वर येऊन रिता होतो आणि तोच पुन्हा भरायला खाली जातो. नवे बोलणे जुन्यावर चढे, जुने नाहीसे होई. घरोघरी ठेवलेले, हाक मारली की उत्तर देणारे स्पीकरही आपले नाव कानी पडेपर्यंत असेच रहाट फिरवत असतात. नाव ऐकू आले की त्या पोहऱ्यातले पाणी मात्र पाटाने दूरच्या संगणकाकडे जाते. मेक्सिकोत जन्मलेले कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूखालच्या बोगद्यात शेकडो दिवे आणि स्पीकर लावून असेच केले होते. येणाऱ्याचा आवाज आधीच्या आवाजांना पुढे सरकवी आणि सर्वांत जुना आवाज शेवटी बाहेर पडून नाहीसा होई. विसरणे हा त्या मांडणीचा गाभा आहे असे मी मानतो, आणि माझी मांडणीही विसरणारी असावी अशी माझी प्रतिज्ञा होती. दिंडीवर मी तसे लिहिलेही होते: 'येथे काहीही साठवले जात नाही.'

ते खरे नव्हते.

पहिल्या दिवशी रात्री नऊला सगळे आवरल्यावर काकूंनी जाता जाता विचारले, "रात्री हे बंद करतोस ना रे?" मी म्हणालो, "काकू, ते काही ठेवतच नाही." त्या "बरं" म्हणून गेल्या, पण त्यांच्या स्वरात विश्वास नव्हता आणि मला तो त्यांना खात्रीने द्यायचा होता. म्हणून मी संगणक उघडून पाहिला. चाचणी घेताना आवाजाची पातळी तपासण्यासाठी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती. मायक्रोफोनवर येणारे सर्व मेमरी कार्डावर फाइल करून लिहावे अशी ती ओळ होती, आणि ती मी काढलीच नव्हती. संध्याकाळी पाच वाजल्यापासून चार तास दहा मिनिटांचे सर्व बोलणे, सुमारे १.३ जीबी, कार्डावर नीट, स्वच्छ, तारखेसह पडलेले होते.

फाइल खरोखर तीच आहे का हे बघण्यासाठी मी तिचे तीस-चाळीस सेकंद ऐकले. पाहुण्यांचे हसणे होते, माझे समजावून सांगणे होते, आणि त्यांच्या मागे, मधल्या बोळापलीकडच्या घरातून, फोनवर बोलणाऱ्या एका बाईंचा आवाज होता. त्या कोणाला तरी हातउसने मागत होत्या. मी लगेच बंद केले. दिंडीवरची पाटी वाचून आत आलेल्या माणसांची संमती निदान मी मागितली होती. ज्यांनी आमचा उंबरठाही ओलांडला नाही त्यांना विचारण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. सहा महिने मी ज्या एका कॅमेऱ्याविषयी तळमळत होतो, तोच कॅमेरा मी स्वतःच्या सोप्यात, चांगल्या हेतूने, अधिक चांगल्या मायक्रोफोनसह बसवला होता.

गुपचूप पुसून टाकणे सोपे होते आणि कोणाला कळलेही नसते. पण मग 'कोणाला कळलेही नसते' याच वाक्याविरुद्ध मी तीन दिवस मांडून बसलो होतो, त्याचे काय करायचे? सकाळी दिंडीच्या फळ्यावर जे झाले ते खडूने लिहिले, आदल्या दिवशी आलेल्यांपैकी ज्यांना ओळखत होतो त्यांना फोन केले, आणि बोळापलीकडच्या घरी स्वतः जाऊन सांगितले. त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ऐकलंत किती?" मी सांगितले. त्यांनी दार लावून घेतले. त्यांच्या जागी मीही लावले असते.

काकू आल्या तेव्हा मी म्हणालो, "तुमच्यासमोर पुसतो." त्यांनी विचारले, "पुसलंस हे मला कसं दिसणार?" हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्याही अचूक होता. संगणकावर फाइल पुसणे म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतले तिचे नाव खोडणे. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो आणि पुष्कळदा परत काढता येतो. पडद्यावर फाइल नाहीशी झालेली दाखवून काकूंना काहीच सिद्ध झाले नसते. मी हे त्यांना समजावले, तेव्हा त्या घरी गेल्या आणि लोखंडी खलबत्ता घेऊन आल्या. मेमरी कार्ड खलात ठेवून त्यांनी चार घाव घातले, पाचवा मला घालायला लावला. तो आवाज वाड्यातल्या प्रत्येकाने ऐकला. नवे कार्ड घालताना मी ती ओळ काढलेला प्रोग्रॅम छापून सोप्याच्या भिंतीला चिकटवला आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांना तो ओळीओळीने तपासायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पेठेतले एक निवृत्त हवालदार बराच वेळ बसून होते. त्यांनी नोकरीतली काही वर्षे गोपनीय कामावर काढलेली. ते म्हणाले, "आम्ही सभेला जायचो तेव्हा पुढाऱ्याला माहीत असायचं, हा वहीवाला कुठला ते. काही जण तर आमच्याकडं बघूनच बोलायचे, 'साहेब, हे वाक्य नीट लिहून घ्या.'" पाळतीचे समर्थन मी करणार नाही, पण त्यांच्या वहीला आणि चेहऱ्याला चाहूल होती, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या देशातल्या खासगीपणाच्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी एका महत्त्वाच्या खटल्यातही आवाज आहे. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंह यांच्यावर पोलिसांची पाळत होती. रात्री चौकीदार आणि शिपाई त्यांच्या दारावर थापा मारत, हाका मारून उठवत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी रद्द केल्या, परंतु खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्या वेळी वेगळे मत नोंदवले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. दारावरची थाप निदान ऐकू येत होती. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे घराच्या चौकटीवरचा कान आणि कट्ट्यावरचा माणूस यांच्यामधली गोष्ट बोळालाच मिटवायची असते.

ती मिटवण्याचा मार्ग मला क्रिस्टिना कुबिश यांच्यामुळे सुचला. या जर्मन कलावंत २००४ पासून लोकांना शहरांतून फिरवून आणतात. कानावर चढवायला त्या एक खास हेडफोन देतात. त्यातील तारेची वेटोळी भोवतालच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रांना पकडून त्यांचे ध्वनी करतात. दुकानांच्या दारातल्या चोरीविरोधी फाटकांचे ठोके त्या फेऱ्यांत ठळक ऐकू येतात. मी रिले नावाच्या विजेच्या एका जुन्या खटक्यातली कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, काढली, एलएम ३८६ या थोड्या रुपयांत मिळणाऱ्या चिपचा, आवाज मोठा करणारा अँप्लिफायर जोडला आणि एका संध्याकाळी बिंदू चौकातून पापाची तिकटी आणि पुढे महाद्वार रोडने चालत गेलो.

तो रस्ता मी हजार वेळा चाललो असेन, पण असा कधी ऐकला नव्हता. बाजाराचा कोलाहल हेडफोनने अडवला होता आणि त्याखालून दुसरेच गाव वर आले. सर्वत्र विजेचा ५० हर्ट्झचा घुमारा, खर्ज लावून ठेवलेल्या तंबोऱ्यासारखा. जिथे अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक होते त्या गावात ही उपमा मी जपूनच वापरतो, पण तो स्वर खरोखर सुटत नाही. फलकांच्या दिव्यांची बारीक शिट्टी. एटीएमच्या खोलीजवळ रातकिड्यांसारखी किरकिर. एका कापड दुकानाच्या दाराशी धडधडणारे ठोके, जे दार ओलांडले की छातीत गेल्यासारखे वाटतात. आणि खांबाखांबावर, दुकानाच्या छज्जाखाली, जिन्याच्या वळणावर कॅमेऱ्यांच्या अडॅप्टरांची आपापली गुणगुण. नजरेला मी दहा-बारा कॅमेरे मोजले असते; कानाला त्याच्या तिप्पट सापडले. देवळाच्या महाद्वारापाशी पोहोचल्यावर मी हेडफोन काढला, तेव्हा घंटा ऐकू आल्या आणि मला हायसे वाटले.

परत येताना बोळातल्या पांढऱ्या कॅमेऱ्याच्या वायरीजवळ कॉइल धरली. टिक्... टिक्... असा विरळ आवाज येत होता. मी मालकांना पुण्याला फोन केला आणि त्यांच्या मोबाइलवर कॅमेरा उघडायला सांगितला. तीन-चार सेकंदांत टिकटिक दाट झाली, जणू पत्र्यावर पावसाची सर आली. त्यांनी बंद करताच पुन्हा विरळ. चित्र आणि आवाज वायफायवरून धाडताना कॅमेरा झटक्याझटक्याने वीज ओढतो आणि ते झटके तारेत ऐकू येतात. थेरेमिन यांच्या लाकडी मुद्रेला नसलेली चाहूल या कॅमेऱ्याला होती, ती आपल्या कानाच्या पट्टीत आणण्याचाच काय तो प्रश्न होता.

मालकांना कट्ट्यावरची गोष्ट मी त्याच फोनवर सांगितली. ते मनापासून चकित झाले. आवाज कॅमेऱ्याबरोबर आपोआप चालूच आला होता आणि तो कधी बंद करावा असे त्यांना सुचले नव्हते. ते म्हणाले, "आत्ताच बंद करतो." काकूंना निरोप दिला तेव्हा त्यांनी जे विचारले ते मी आता अपेक्षितच होतो, "बंद केलाय हे आम्हाला कसं कळणार?" २०२० नंतरच्या मोबाइलांमध्ये मायक्रोफोन चालू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात नारिंगी किंवा हिरवा ठिपका उमटतो, ही चांगली सुधारणा आहे, परंतु तो ठिपका फोन ज्याच्या हातात आहे त्याच्या डोळ्यांसाठी असतो, समोर बसून बोलणाऱ्यासाठी नसतो.

म्हणून प्रदर्शनाची तिसरी जागा कट्ट्यावरच झाली. मालकांच्या संमतीने त्यांच्या चौकटीच्या वायरीला मी कॉइल बांधली आणि कट्ट्याच्या फटीत आगपेटीएवढा स्पीकर बसवला. तिची मर्यादा मी सर्वांना सांगितली आहे: कॅमेरा स्वतःच्या कार्डावर जे लिहितो त्याने टिकटिक बदलत नाही, पुण्याहून कोणी उघडून बसले तरच बदलते. तीन दिवस संपल्यावर नळी मी उतरवली, सोपा मोकळा केला. कट्ट्यावरचे मात्र काढू नको असे काकूंनी सांगितले आणि मालकांनीही ते राहू दिले.

परवा दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो. बायका बसल्या होत्या आणि कोणाच्या तरी दवाखान्याच्या अहवालाचीच गोष्ट चालली होती. मध्येच फटीतली टिकटिक दाट झाली. बोलणाऱ्या बाई थांबल्या. काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली, चौकटीकडे वर पाहिले आणि म्हणाल्या, "ये रे बाबा. घर बंदच आहे तुझं, आम्ही बसलोय हितं. काही काम होतं का?" थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग टिकटिक विरळ झाली, आणि त्या बाईंनी अहवाल पुढे सांगायला घेतला.